मॉनिटरखालचं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. रूममेटला नाही, आईला तर नाहीच — तिच्या लेखी मी अजून चाळीसगावचा हुशार मुलगा. मी सगळ्यांच्या नकला करतो, त्यामुळे लोकांना वाटतं याच्या पोटात काही राहत नाही. राहतं की. चांगलंच राहतं.

योकोहामात आम्ही मराठी मंडळी रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. तिथं मी आमच्या जपानी बॉसची नक्कल करायचो — दातांतून हवा आत ओढायची, मान तिरकी करायची, आणि ‘नाही’ न म्हणता नाही म्हणायचं. एका रविवारी स्मितावहिनी — ऑफिसातल्या निखिलदादाची बायको — म्हणाल्या, “ए नकल्या, तू वेबवाला ना? मला इथं नोकरी करायचीय. वेबपेज शिकायला एखादं चांगलं पुस्तक सांग.”

आता खरं सांगू? मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. शिकलो ते दुसऱ्यांचा कोड ढापून — तीही नक्कलच म्हणा. पण सगळ्यांसमोर हे कसं बोलणार? दिलं एका जाडजूड पुस्तकाचं नाव ठोकून. तेच का? कारण ते ऑफिसात माझ्या मॉनिटरखाली होतं, मॉनिटर उंच करायला. रोज समोर दिसून नाव पाठ झालेलं. “एचटीएमएलचं सगळं आहे त्यात, वहिनी” — तेही बॉसच्या आवाजात.

त्यांनी ते सेकंडहँड मागवलं. मुलाला बालवाडीत सोडलं की वाचत बसायच्या. पानापानाला रंगीत चिकटपट्ट्या.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला स्वतः बनवलेलं पान दाखवलं. रेसिपींचं. सगळी मांडणी टेबलांच्या चौकटींत कोंबलेली — ही पद्धत कधीच बाद झालीय. फोनवर उघडलं की निम्मं पान बाहेर. मला बघताक्षणी कळलं. तेव्हा बोललो असतो तर आठवडा हातात होता, मी शिकवलंही असतं. पण मग त्या विचारणार ना — पुस्तक तर तूच सांगितलंस?

मी म्हणालो, “एकदम भारी, वहिनी.”

मुलाखतीत समोरच्यानं ते पान फोनवर उघडलं, आणि बराच वेळ दातांतून हवा ओढली. हे वहिनींनीच रविवारी सांगितलं, हसत. “माझंच डोकं चालत नाही रे आता. यानं बिचाऱ्यानं पुस्तक चांगलं दिलं होतं.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय केलं? नक्कल केली. त्या मुलाखतवाल्याची. लोक हसून लोळले. वहिनीही हसल्या — आणि उठून चहाचे कप गोळा करायला लागल्या.

नंतर त्यांनी कुठंच अर्ज केला नाही. सकाळी डबे भरायच्या कारखान्यात आरुबाइतो करतात, पार्टटाइम. स्टेशनवर लांबून दिसल्या की मी दुसऱ्या गेटनं बाहेर पडतो. परवा मात्र गाठलंच त्यांनी. “काय रे, हल्ली येत नाहीस?” मी म्हटलं, काम फार आहे.

त्या दिवशी ऑफिसात ते पुस्तक पहिल्यांदा ओढून काढलं. छापल्याचं साल सुरुवातीलाच होतं. मी तेव्हा पाचवीत असेन. नुसतं उघडलं असतं तरी कळलं असतं.

मिटलं. परत खाली सरकवलं. मॉनिटर सरळ केला.