एक काना खोडणाऱ्या डॉक्टरबाई

समुद्रपूर-हिंगणघाटपासून पुलगाव-आर्वीपर्यंतच्या माझ्या मायबहिणींनो, हा गौरवग्रंथ डॉक्टर, प्राध्यापक आणि प्रतिष्ठित मंडळी वाचतीलच. पण मी लिहिते आहे ते आधी तुमच्यासाठी. आपली एक तक्रार सारखीच आहे. दिवस गेले आणि टिकले नाहीत, की घरातून पहिला प्रश्न आपल्यालाच येतो. काय उचललं? काय खाल्लं? कुठे गेली होतीस? दुखतंय का, हे मात्र कोणी विचारत नाही. जिचं मूल गेलं तिलाच आरोपी करणारी ही चौकशी आपण सोसली, आपल्या आयांनी सोसली. डॉ. वत्सला ढगे यांनी आपलं सारं वैद्यकीय आयुष्य या चौकशीच्या विरोधात घालवलं. त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना मी त्याची साक्ष द्यायला उभी आहे.

बाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या समुद्रपूरच्या दवाखान्यात झाली. माझा गर्भ लागोपाठ तिसऱ्यांदा गेला होता. मी सभांमधून बोलणारी बाई. धम्मपरिषद असो, महिला मेळावा असो, कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचा मोर्चा असो, मला बोलावणं यायचं आणि मी एसटीने जायची. त्यामुळे गावाने कारण ठरवून टाकलं होतं: ही माईक घेऊन बोंबलत फिरते, त्यानंच हिनं पोट पाडलं. माझ्या सासूबाई, यमुनाबाई, त्या दिवशी माझ्यासोबत आल्या होत्या, त्या हेच सांगायला. मी बाकावर बसायच्या आधीच त्या बाईंना म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, हिले तुम्हीच समजावा. तीन खेपा पाडलं हिनं."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "यमुनाबाई, पाडलं नोका म्हनू. पडलं म्हना."

सासूबाई म्हणाल्या, "एकच झालं नं थे."

"एक कसं होईन? पडलं म्हंजे आपोआप गेलं. पाडलं म्हंजे हिनं घालवलं. एका कान्याचा फरक हाय माय, पन त्या एका कान्यापायी बाया जीव द्याले विहिरीवर जातात."

मी शब्दांवर जगणारी बाई. व्याकरण शिकवणारे मला पुष्कळ भेटले होते, पण व्याकरणाने एखाद्या बाईच्या मानेवरचा आरोप उतरवता येतो, हे मला त्या दिवशी दिसलं. सासूबाईंना पटलं होतं असं नाही. पण पुढच्या वाक्यात त्या 'पडलं' म्हणाल्या.

मग बाईंनी माझी तपासणी सुरू केली, आणि पोटाच्या आधी बोटं पाहिली. सकाळी बोटं आखडतात का, माईक धरताना दुखतात का, उन्हात गेल्यावर गालांवर लाली उठते का, असं विचारत गेल्या. सगळ्याचं उत्तर 'हो' होतं. बोटांचं दुखणं मी माईक धरण्यावर टाकलं होतं आणि लाली उन्हावर. याआधीच्या डॉक्टरांना माझं पोट तेवढं दिसलं होतं. बाईंना पूर्ण बाई दिसली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, नागपूरच्या सांधेविकारतज्ज्ञांना त्यांनी स्वतः फोन केला, आणि निदान आलं. शरीराची राखण करणारी जी शक्ती असते, ती माझ्या बाबतीत घरच्यांनाच परके समजून त्यांच्यावर उठली होती. माझे सांधे आणि माझा गर्भ, दोन्ही तिच्या तडाख्यात सापडले होते.

उपचार ठरला: रक्त पातळ ठेवण्याची लहान गोळी, दिवस गेल्यावर पोटावर घ्यायची इंजेक्शनं, आणि आतापासूनच रोज स्टेरॉइड.

इथे मला बाईंचं जुनं काम सांगायला हवं, नाही तर या शब्दाचं वजन तुम्हाला कळणार नाही. आपल्याकडे लग्नाला आलेल्या किडकिडीत पोरींना 'तब्येत भरायची गोळी' देणारे भोंदू होते, आजही आहेत. महिनाभरात गाल भरतात, सोयरीक जुळते, आणि गोळी बंद झाली की पोरगी अंथरूण धरते. ती गोळी म्हणजे स्टेरॉइडच. बाई बाजाराच्या दिवशी चौकात उभ्या राहून तिच्याविरुद्ध बोलत. एकदा अशाच एका भोंदूने आपली माणसं पाठवून त्यांच्या दवाखान्यासमोर आरडाओरडा करवला होता. बाईंनी त्या माणसांना आत बसवलं, त्यांच्यातल्या एकाच्या बहिणीला तीच गोळी सुरू आहे हे बोलण्या-बोलण्यात काढून घेतलं, आणि संध्याकाळी तो भाऊ बहिणीला घेऊन परत आला.

तर अशा बाई मला म्हणत होत्या की रोज स्टेरॉइड घ्या. मी भांडले. भांडणं हा माझा धर्मच. चौकात तुम्ही जिला विष म्हणता तीच गोळी आतल्या खोलीत मला देता, हा कुठला न्याय, असं मी विचारलं. बाईंना राग आला नाही. त्यांनी बाहेर लिंबाखाली बसलेल्या माझ्या नवऱ्याला, प्रवीणला, आत बोलावलं. तो एसटीत कंडक्टर आहे. शेकडो माणसांच्या गर्दीत बिनधास्त वावरणारा, पण बायकांच्या दवाखान्याची पायरी चढायला लाजायचा. बाईंनी त्याला माझ्या शेजारी बसवलं, सासूबाईंना त्याच्या शेजारी, आणि मग बोलल्या.

"मी चौकात गोळीविरुद्ध बोलत नाही. न सांगता देण्याविरुद्ध बोलते. आता तिघंही ऐका. या गोळीनं हिचा चेहरा सुजेल. भूक वाढेल, झोप कमी होईल. साखर वाढू शकते, रक्तदाब वाढू शकतो, साधं इन्फेक्शन अंगावर येऊ शकतं. आणि मनानं एकाएकी बंद केली तर जीवावर बेतेल. हे सगळं मान्य असेल तरच सुरू करू. मूल होईलच, असं मी सांगणार नाही. ते कोणीही सांगू नये."

मी पुष्कळ मोठी भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. पण श्रोत्यांना समान मानणारं इतकं छोटं भाषण मी दुसरं ऐकलं नाही. गोळी सुरू झाली.

त्यानंतरचा काळ वाट पाहण्याचा होता. बाईंची अट होती की आधी आजार शांत झाला पाहिजे, मगच दिवस राहू द्यायचे. तोवर चेहरा मात्र पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. आणि आमच्या वस्तीने तेच केलं जे आमची वस्तीच करू शकते. 'गोल चेहरा म्हणजे हिले दिवस गेले' असं ठरवून बाया कच्च्या चिंचा, बोरं, आंबाडीची भाकर घेऊन दारात येऊ लागल्या. एकीने पोरगाच होणार हेही सांगून टाकलं. माझी पाळी त्याच सकाळी आली होती. मी आत जाऊन रडले.

बाहेर सासूबाई काय बोलल्या ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. वर्षभरापूर्वी त्या म्हणाल्या असत्या, पोट कुठलं, नशीब फुटकं. त्या दिवशी त्यांनी चिंचा ठेवून घेतल्या आणि म्हणाल्या, "पोट नाई वो, थोबाड हाये थे. गोळीनं फुगलं. डॉक्टरीनबाईनं आधीच सांगतलं होतं. बोरं ठेवून जा, मले आवडतात."

ही गंमत मी बाईंना सांगितली तेव्हा त्या पोटभर हसल्या, आणि मग म्हणाल्या की लपवलं असतं तर आज तुम्हाला खोटं हसावं लागलं असतं. औषध घरात उघड ठेवायचं, हा त्यांचा आग्रह असतो. माझ्या सासूबाईंचं मन त्यांनी उपदेश करून वळवलं नाही. त्यांना खुर्ची दिली, सगळी माहिती दिली, आणि जबाबदारी दिली.

मग एकदाचे दिवस राहिले. पोटावरची इंजेक्शनं प्रवीण द्यायला शिकला. मध्येच माझी साखर चढली. नात्यातल्या एका शहाण्याने सांगितलं की ती इंग्रजी गोळी आजच फेका, लेकरू पांगळं होईल. घर हादरलं. बाईंनी आम्हाला बोलावलं, साखरेसाठी इन्सुलिन सुरू केलं, स्टेरॉइडचा डोस हळूहळू जितका उतरवता येईल तितका उतरवला, पण बंद केला नाही. त्याच दिवशी त्यांनी सासूबाईंना एक वाक्य पाठ करायला लावलं. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं ठरलं होतं, आणि ऐन वेळी प्रवीण ड्युटीवर असेल, मी बोलण्याच्या अवस्थेत नसेन, तर हे वाक्य तिथे पोचलंच पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. सासूबाई ते भाकरी थापताना म्हणत, अंगण झाडताना म्हणत. आमच्या घरात इतकी वर्षं घोषणा फक्त मी देत होते. आता दुसरी वक्ता तयार झाली.

आणि झालंही तसंच. तारखेच्या आधीच, भर दुपारी, पाणी गेलं. प्रवीण गाडी घेऊन चंद्रपूरच्या वाटेवर. रुग्णवाहिकेतून आम्ही दोघीच वर्ध्याला पोचलो. माझी शुद्ध धड नव्हती, पण एक आवाज मला अजून ऐकू येतो. सासूबाईंनी फाटकावरच्या चौकीदाराला सांगितलं, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला सांगितलं, नर्सला सांगितलं: "हिले स्टेरॉइड सुरू हाये. एकदम बंद करू नोका. कळा सुरू झाल्या तं शिरेतून द्या लागते." एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, आजी, कळलं मला. तर ह्या म्हणतात, "कळलं तं तुम्ही म्हनून दाखवा." त्या मुलीने, तिचं भलं होवो, खरंच वाक्य म्हणून दाखवलं आणि औषध लावलं.

माझी मुलगी जन्मली तेव्हा वजनाने कमी होती, पण रडली ती सभेत शोभेल अशी. आज ती शाळेत जाते.

दुसऱ्या दिवशी बाई एसटीने वर्ध्याला आल्या. वॉर्डात शिरल्यावर त्या माझ्याकडे आल्या नाहीत, बाळाकडेही नाही. भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंसमोर जाऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "यमुनाबाई, तुमी जितवलं." सासूबाई म्हणाल्या, "मी काय केलं बाप्पा, मी तं निस्ती बडबड केली." पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांची मान ताठ होती.

बाईंचा आणखी एक गुण सांगितल्याशिवाय हे लेखन खोटं ठरेल. त्या श्रेय घेत नाहीत, आणि औषधालाही फुकटचं श्रेय देत नाहीत. माझ्या नणंदेलाही दोनदा दिवस गेले होते, पण टिकले नव्हते. तिने मला आलेलं यश पाहिलं आणि माझीच गोळी सुरू करून द्या म्हणून बाईंकडे हट्ट धरला. बाईंनी साफ नकार दिला. तुमच्या वहिनीच्या रक्तात जे होतं ते तुमच्या रक्तात असेलच असं नाही, म्हणाल्या. कारण सापडल्याशिवाय ही गोळी मी माझ्या लेकीलाही देणार नाही, या बाबतीत डॉक्टरांचंही एकमत नाही. नणंद रुसली, पण तपासणीला तयार झाली. तिला थायरॉइडचा त्रास निघाला. वेगळं कारण, वेगळा उपचार. तिचा मुलगा आता रांगतो आहे.

आणि कारण सापडलंच नाही, अशाही बाया बाईंकडे येतात. काहींना मूल होत नाही. त्यांना बाई काय सांगतात हे मी स्वतः पाहिलं आहे: खोटी आशा नाही, नवस नाही, ओळीने तपासण्यांचा मारा नाही. आम्हाला कारण माहीत नाही, पण कारण तुम्ही नाही, हे माहीत आहे, एवढं त्या स्पष्ट बोलतात आणि त्या बाईला घाईने उठवत नाहीत. ज्ञानाची मर्यादा मान्य करण्याचं धैर्य मी व्यासपीठांवर फार कमी पाहिलं आहे.

डॉ. वत्सला ढगे आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे कुरकुर करतात, तरी त्या दवाखान्यात पायी येतात. त्यांचे डोळे असेच बोटांवर, चेहऱ्यांवर, न बोललेल्या गोष्टींवर टिकून राहोत. त्यांना निरोगी, कामाने भरलेलं दीर्घ आयुष्य लाभो. शतक गाठावं आणि तेव्हाही त्यांनी आम्हाला असंच समोर बसवून सगळं खरं सांगावं, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा आहे.

पण शाल-श्रीफळाने बाई खूश होणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून, मायबहिणींनो, मागणी एकच. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात जिचं पोट एकापेक्षा जास्त वेळा पडलं आहे, ती पुन्हा आशेला लागण्याची वाट पाहू नका. दर मंगळवारी बाई समुद्रपूरच्या दवाखान्यात बसतात. तिला घेऊन या, आणि तिच्या नवऱ्याला बाहेर लिंबाखाली थांबू देऊ नका. दोघांना सोबत आत पाठवा.