तर्री घालून वाढलेले मटण

२००४ सालच्या जानेवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळचे साडेसात. त्या वेळी मी जे केले ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही, आणि आता ती नाही.

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी मुख्य चवपरीक्षक होतो. वैशाली माझ्या हाताखाली — सिन्नरची, रसायनशास्त्र शिकलेली. तिची जीभ माझ्याहून चांगली होती. हे मला पहिल्याच हंगामात कळले. मालकांना पुढे कळले, आणि ते प्याला आधी तिच्यासमोर ठेवू लागले. मला राग आला का? राग हा फार सौम्य शब्द आहे.

त्या दिवशी फ्रान्सहून एक पाहुणे आले होते, तिकडच्या द्राक्षमळ्याचे मालक. त्यांनी आपली लाल वाईन आणली होती — काळपट, जड, हिरडा चघळावा तसे तोंड आवळणारी. तिच्यासोबत आपल्याकडचे काय वाढायचे, हे वैशालीने ठरवायचे होते. जमले तर पाहुणे तिला वर्षभर आपल्या वाईनच्या तळघरात शिकायला नेणार होते.

तिने काळ्या मसाल्याचे मटण निवडले. धाडसच ते. चरबी आणि भाजलेले खोबरे तसल्या वाईनचा तुरटपणा मऊ करतात. तिखट मात्र तोच तुरटपणा कडू करून सोडते. म्हणून तिने वरची लाल तर्री सगळी काढून वेगळ्या पातेल्यात ठेवायला लावली. दुपारी मला चव दिली. मी म्हणालो, "बघू."

साडेसातला ती दिवाणखान्यात पाहुण्यांशी बोलत होती. मी स्वयंपाकघरात गेलो. स्वयंपाकाच्या सखूबाई कपाळाला आठ्या घालून वाट्या भरत होत्या.

"सखूबाई, पाहुण्याला तर्रीशिवाय मटण?"

"तेच म्हनते मी साहेब! आजाऱ्याला वाढल्यावानी दिसतंय. लय लाज वाटती. पन ताई ऐकंना."

"घाला तर्री. ताईंना मी सांगतो."

मी सांगितले नाही.

दटावले नाही, धमकावले नाही. पाहुण्यापुढे फिकी वाटी ठेवणे त्या बाईंना सोसवत नव्हते — त्यांचा चांगुलपणाच मी वापरला. याहून नीच हत्यार असते का?

पाहुण्यांनी घास घेतला, प्याला ओठांना लावला — आणि चेहरा वाकडा केला. आमचे मालक हसले. "काय गं, पाहुण्याला पळवून लावायचा बेत होता का?" सगळे हसले. मीही. वैशालीने वाटीतला लाल तवंग पाहिला. "सर, ही तर्री मी —" एवढेच बोलली. मी तिला पुढे बोलू दिले नाही.

"जिला स्वयंपाकघर सांभाळता येत नाही, ती तळघर काय सांभाळणार?"

पाहुण्यांना कळावे म्हणून हेच वाक्य मी इंग्रजीत पुन्हा म्हटले. सावकाश.

ती फ्रान्सला गेली नाही. तिच्याऐवजीही कोणी गेले नाही. ती संधी मला नकोच होती — फक्त तिला मिळायला नको होती. उन्हाळ्यापूर्वी तिने नोकरी सोडली. सिन्नरला एका औषधांच्या कारखान्यात लागली, असे ऐकले. पुन्हा कधी वाईन चाखली का? मी चौकशी केली नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात परत आलो. सखूबाई पदर खोचून निघाल्या होत्या. "साहेब, तुमाला पित्ताचा तरास, म्हून ताईनं बिनतर्रीची वाटी काढून ठेवलीया," म्हणाल्या, आणि गेल्या.

मी ती गरम केली, बाटलीत उरलेली वाईन प्याल्यात ओतली आणि उभ्यानेच जेवलो. तिने बसवलेला मेळ अचूक होता. मी वाटी पुसून खाल्ली. मग ती विसळून पालथी घातली आणि दिवा बंद केला.