थंड लोखंड आणि जिद्द

“वीज गेली, भट्टी थंडावली, पण मालकांनी जिद्द सोडली नाही आणि त्याच दिवशी सर्व साचे भरले गेले.”

कारखान्याच्या स्मरणिकेतील हे वाक्य. पुढच्याच पानावर सांगलीजवळच्या अपघाताविषयी लिहिले आहे, की ग्राहकाच्या भावाने इंजिन बेफाम पळवले म्हणून चाक फुटले. दोन्ही विधाने एकाच चाकाविषयी आहेत, याचा लेखकाला पत्ता नाही. साताऱ्याच्या त्या फौंड्रीत सुपरवायझर मी होतो, लेखक नव्हे.

इंजिनाचा वेग एकसारखा राखणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. ते ओतताना वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात दोन बाजूंनी फिरते आणि समोरासमोर येऊन एकजीव होते. पुरेसे तापलेले नसेल, तर दोन्ही प्रवाह एकमेकांना नुसते टेकतात. वरून चाक अखंड दिसते. यास आम्ही ‘कोल्ड शट’ म्हणतो.

त्या दुपारी वीज गेली आणि भट्टीला हवा देणारा ब्लोअर थांबला. वीज परतली तेव्हा लोखंडाचा लख्ख पिवळा रंग जाऊन ते तांबूस झाले होते.

“मालक, हे जमिनीवर वाळूत ओतून टाकू. उद्या पुन्हा वितळवू,” मी म्हणालो.

“भट्टी पेटवून साचा उपाशी ठेवायचा न्हाई, ही आमच्या वडिलांची रीत. सकाळी नारळ फोडलाय.”

“नारळाने लोखंड तापत नाही.”

ओतकाम करणाऱ्या टोळीचा मुकादम फौजेतून निवृत्त झालेला हवालदार होता. तो ओरडला, “साहेब, लोखंडावर साय धरायला लागलीया! काय ते लवकर ठरवा!”

“तुमी शिकलेली माणसं लगेच हातपाय गाळता,” मालक मला म्हणाले. “जिद्द पाहिजे, जिद्द! ओता रं!”

त्यांनी ओतले. त्या साच्यांत फ्लायव्हील एकच होते; थंड झाल्यावर मी त्या चाकावर नापासाची तांबडी फुली मारली. लेथवर चाक कातताना ती सोलून निघाली आणि चाक विकले गेले.

माणूस जिद्दीला पेटतो. चिकाटीला कोणी पेटत नाही. चिकाटी धरावी लागते, आणि धरलेले वेळ पडल्यास खाली ठेवता येते. भट्टी रिकामी करून दुसऱ्या दिवशी नव्याने पेटवणे, ही चिकाटी ठरली असती. झाला तो निव्वळ हट्ट होता. तो यशस्वी ठरला की आपण त्याला जिद्द म्हणतो, आणि तो फसला की दोष द्यायला दुसरा माणूस शोधतो.

काही महिन्यांनी कृष्णाकाठच्या एका जैन शेतकऱ्याच्या पंपाच्या इंजिनावर ते चाक फुटले. त्यांचा धाकटा भाऊ इंजिनाजवळ उभा होता. तो जागीच गेला.

मालक आणि मी तेथे पोहोचलो. शेतकरी ओट्यावर बसले होते. मालकांनी विचारले, “वेग वाढवला हुता काय?”

“आवं, रोजच्यासारखंच चालू हुतं. तान्ह्या पोरावानी जपायचा तो इंजनाला.”

“पर कवातरी माणूस घाई करतो की.”

“मेलाय तो. आता बोलायला येणार न्हाई, म्हणून त्याच्या माथी मारताय व्हय?”

मालक परत फिरले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी वेगाचीच गोष्ट पक्की केली. स्मरणिकेत छापली गेली ती तीच.

मी मात्र पंपाशी थांबून चाकाचा तुकडा उचलून पाहिला होता. ओतीव लोखंड नुकतेच तुटले असेल, तर तुटलेली बाजू राखाडी आणि चकचकीत दिसते. ओततानाच न जुळलेली असेल, तर ती आधीपासून काळवंडलेली असते.

त्या तुकड्याची बाजू अर्ध्याहून अधिक काळी होती.