थोरला रूबेन

डोळे मिटल्यावर पंख्याचा आवाज दोन आवाजांत फुटतो: एक पात्यांचा, एक मोटारीचा. मोटारीचा आधी विरतो. मग डावा पाय जाणवेनासा होतो. रविवारची दुपार आहे, अडीच वाजलेत. पाच वाजता इंगवले सर आमची फाइल इंग्लंडला पाठवणार आहेत. मी फक्त वीस मिनिटं पडणार आहे.

आमचं काम असं. कराडात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून आम्ही चौघं इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या वह्या वाचतो. तिकडच्या लोकांना आपले पूर्वज शोधायचा नाद आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि दर दहा वर्षांची शिरगणती, या सगळ्याच्या पानांचे फोटो येतात. आम्ही ते टाइप करून तक्ते पाठवतो. बहुतेक बाप्तिस्मे दोनदा सापडतात, एकदा गावच्या वहीत आणि एकदा बिशपकडे पाठवलेल्या नकलेत, आणि नकलेत तारखा चुकतात. मी संख्याशास्त्र शिकले आहे, म्हणून दुबार नोंदी काढायचा नियम मी लिहिला. बाप तोच, आई तीच, मुलाचं नाव तेच आणि अंतर पाच वर्षांच्या आत, तर माणूस एकच. शिरगणतीतल्या वयाशी जुळणारी नोंद ठेवायची, दुसरी काढून टाकायची. एका आईला एकाच नावाची दोन मुलं असू शकत नाहीत, हे आम्हा कुणाला लिहून ठेवावंसंही वाटलं नाही. हॅलोफेन नावाच्या गावातून अशा एकसष्ट ओळी गेल्या. सर म्हणाले, "खोचरे, तुम्ही आमचे दोन आठवडे वाचवलेत."

नकलेतली चूक एखाद्या दिवसाची असते, फार तर महिन्याची. या एकसष्ट जोड्यांमधलं अंतर बहुतेक दोन-अडीच वर्षांचं आहे. काल मी त्याचा आलेख काढला, थोडा वेळ बघितला आणि बंद केला.

पात्यांचाही आवाज थांबतो आणि मी एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसलेली आहे. बाहेर बायकांची रांग आहे. सगळ्यांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या, हनुवटीखाली नाडीनं बांधलेल्या. मी सवयीनं मोजते. एकसष्ट.

पहिली पुढे येते. हात लाल, सालं निघालेले. कोण आहे ते मला माहीत आहे: हॅना टॉलिव्हर, शेतमजूर जॉब टॉलिव्हरची बायको, मृत्यू १८६८. शिरगणतीच्या तीन पानांवर मी तिला वाचलं आहे, पण ही त्यातल्या कुठल्याच वयाची नाही. त्याआधीची आहे. ती मराठीत बोलते, आमच्या गल्लीतल्या बायकांसारखी, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

"माझा रूबेन कुठं घातलास?"

"आहे की. बाप्तिस्मा अठराशे बत्तीस. शिरगणतीत वय नऊ. बरोबर जुळतंय."

"तो धाकटा. मी थोरल्याचं विचारते."

"अठराशे एकोणतीसची नोंद दुबार होती. तुम्हाला रूबेन एकच."

ती मागच्या बाईकडे वळते. "ऐकलंस का? मला किती झाले ते ही सांगते."

रांगेत हसू पसरत जातं. "लग्न झालंय का हिचं?" कुणीतरी विचारतं.

"कशाचं. अजून नियमच लिहितेय."

माझे कान तापतात. मी उठायला जाते तर खिडकी नाही. आमचं स्वयंपाकघर आहे. हॅना मोरीपाशी उकिडवी बसून बटाट्यांची माती धुते आहे. फरशीच्या सांध्यांतून काळं पाणी वर येतं आहे, माझ्या घोट्यापर्यंत. ती बघतसुद्धा नाही त्याच्याकडे.

"अकरा महिन्यांचा होऊन गेला," ती म्हणते. "ताप. आमच्याकडे दलदलीचा असतो. मग दुसरा झाला, त्याला तेच नाव ठेवलं. तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात गेलेल्याचं नाव पाठच्याला ठेवत नाहीत. मुलं जगेनाशी झाली की पुढच्याला धोंडू म्हणतात, दगडू म्हणतात. माझे पणजोबा धोंडिराम. त्यांच्या आधीचे दोघं गेले होते."

"धोंडा? पोराला?"

"मरणाला वाटावं, इथं न्यायजोगं काही नाही."

"म्हणजे तुम्ही लपवता." ती बटाटा पालथा करून बघते. "आम्हाला ते सुचलं नाही. तोंडाला नावाची सवय झालेली. दार उघडलं की हाक जायचीच. मग म्हटलं, हाकेला ओ देणारं कुणीतरी असू दे."

मला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं असतं. पण तोंडातून निघतं ते असं: "दफनाची नोंद दाखवा. ती असली की मी लगेच परत घालते."

"त्या वर्षांची वही पुरात भिजली. तू बघितलीस ना?"

बघितली आहे. फोटोत ती वही वाटतच नव्हती, जळक्या विटेसारखा एक ठोकळा होता.

"बिशपकडची नक्कल?"

"कुणाला सापडली तर मलाही सांग."

"मग तो होता याला दुसरा पुरावा काय?"

"एकच ओळ होती," हॅना म्हणते. "ती तू काढलीस."

वरून स्टँडवरच्या भोंग्यातला घोगरा आवाज येतो: पाचची गाडी लागलेली आहे. स्वयंपाकघरात आमच्या ऑफिसचा जिना खाली उतरतो आणि त्या जिन्यावर आता सगळ्या बायका बसलेल्या आहेत. वर, खोलीत, माझा कॉम्प्युटर चालू आहे. मला तिथवर जायचं आहे. एकसष्ट ओळी, एकेक परत घालायला किती वेळ लागेल, याचा गुणाकार मी करू लागते आणि तो दर वेळी वेगळा येतो.

"जरा धर याला," हॅना म्हणते आणि एक गाठोडं माझ्याकडे देते.

"मला लहान मुलं धरता येत नाहीत."

"मान धर. बाकीचं त्याला येतं."

तो माझ्या डाव्या खांद्यावर येतो. अपेक्षेपेक्षा जड आहे. सात किलो, फार तर साडेसात. त्याचा श्वास माझ्या मानेला लागतो, कढत. मी बायकांमधून वाट काढत वर जाते, खुर्चीवर बसते, आणि लक्षात येतं की याला खाली ठेवल्याशिवाय टाइप करता येणार नाही. टेबलावर वह्या आहेत. फरशीवर पाणी. बाकावर बायका, अंग चोरून बसलेल्या, कुणी सरकत नाही. भोंगा पुन्हा बोलतो. खांद्यावरचा श्वास जरा हळू झाला आहे, किंवा मला तसं वाटतं आहे. मी मोजायचा प्रयत्न करते, पण दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं आहे.

"कुठं ठेवू याला?" मी ओरडून विचारते. "हॅनाबाई, कुठं ठेवू?"

ती दारातच उभी आहे. "होता तिथं," ती म्हणते.

तीन वाजून सात मिनिटं. पंखा चालू आहे.

स्वप्न हा पुरावा नाही. चूळसुद्धा न भरता मी लॅपटॉप उघडते. हॅलोफेनला लागून असलेल्या गावाचं काम आम्ही मागच्या महिन्यात केलं होतं. तिथली दफनवही धड आहे. माझ्या नियमानं तिथूनही एकोणीस ओळी काढल्या होत्या. मी एकेक नाव दफनवहीत शोधते. एकोणिसांपैकी सतरा मुलं दोन बाप्तिस्म्यांच्या मधल्या काळात पुरलेली आहेत. वय चार महिने, वय दीड वर्ष, वय सहा दिवस. दोन सापडत नाहीत.

चार वाजायला दहा मिनिटं असताना मी सरांना फोन लावते.

"सर, फाइल पाठवू नका."

"खोचरे, झोपेतून उठलात का?"

"हो. एकसष्ट मुलं परत घालायची आहेत."

"मुलं?"

"नोंदी. दुबार नव्हत्या त्या. पहिलं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे ते लोक."

सर म्हणतात, "असं कोण करतं?"

"ते करायचे. शेजारच्या गावात एकोणिसातले सतरा सापडलेत मला. तेही परत घालायचेत."

"आणि तिकडे मी काय कळवू?"

"उशीर होईल म्हणून कळवा. आणि चूक माझ्या नियमात आहे, हेही लिहा."

"ते काय लिहायचं ते मी बघतो. तुम्ही आधी ऑफिसात या."

मी चपला शोधत असते तेव्हा आई माझ्या डाव्या खांद्याशी थांबते. कुडत्यावर लिंबाएवढा डाग आहे, ओला, कडेनं पांढरट. ती बोट लावते, वास घेते.

"दूध ओकलंय की हे. कुणाचं पोर घेतलं होतंस?"

आमच्या घरात लहान मूल नाही. गल्लीतही या वर्षी कुणाला झालेलं नाही.

"टॉलिव्हरांचं," मी म्हणते. "थोरलं." आणि कुडता न बदलता निघते.