कडुनिंबाला वळसा

किस्से काही आपण जमवत नाही. तेच चिकटतात, सलवारीला कुसळं चिकटावीत तसे. आमच्या तायक्वांदोच्या क्लासचे तर अजून निघत नाहीत बाई!

नव्वदीतली वर्ध्याजवळची पिपरी मेघे. हिवाळी धुकं, रिकामा प्लॉट, आम्ही सहा पोरी आणि पोहाणे सर. सर दिवसभर बियाण्यांच्या दुकानात, सकाळी आमच्या मागे! फॉर्म म्हणजे नसलेल्या शत्रूशी ठरलेल्या पावलांची लढाई. जिथून निघालात, शेवटी बरोब्बर तिथेच यायचं. पण शत्रूच्या जागी आमच्याकडे खराखुरा कडुनिंब उभा! मग सगळ्या त्याला डावीकडून वळसा घालून जायचो.

*

रोहणा गावच्या सुनीताला लांब पाऊल टाकून उभं राहणं जमेना. सर म्हणाले, "चिखलात फसलेल्या बैलबंडीले धक्का देतं ना, तशी उभी राह्य."

ती राहिली. सरांनी दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, तर तेच मागे सरकले!

"माय वं! हिले हलवाले बैल लागतीन!"

*

फॉर्मच्या शेवटी पोटातून आरोळी द्यायची. मी कापडदुकानदाराची लेक, घरी मोठ्यानं हसायचीही चोरी. आवाज निघेचना.

"काऊन दाबून राह्यली? इथं गिऱ्हाईक बसलं आहे का?"

मग अशी ओरडले की कडुनिंबावरच्या साळुंक्या उडाल्या! आणि मला चक्क रडू आलं, आनंदाचं.

*

सर कोरियाचा इतिहास सांगायचे, स्वतः गेले होते नागपूरपर्यंत. "आठ फॉर्म. पहिला आकाशाचा, सहावा पाण्याचा, आठवा धरतीचा."

"सर, हे झाड तोडलं तर?"

"पाणी झाडाले सरक म्हणते का? बाजूनं जाते."

मग धुक्यात डोळे मिटून आम्ही पाण्याचा फॉर्म करायचो. खरंच वाटायचं, धाम नदीतूनच चाललोय. इतकं शांत मला पुन्हा कधी वाटलं नाही.

*

वर्ध्याला बेल्टची परीक्षा. मोठ्ठा, मोकळा हॉल. मधोमध आल्यावर सहाही जणी एकदम डावीकडे वळलो!

"मधे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं. सगळ्या नापास.

सर बाहेर येऊन पोट धरून हसले खरे. पण ब्लॅक बेल्टला ते स्वतः दोनदा असेच नापास झाले होते. तेवढं एकच स्वप्न होतं माणसाचं.

*

दोन हजारनंतर तो प्लॉट विकला गेला, क्लास बंद झाला. त्याच आठवड्यात नागपूरला सरांची तिसरी परीक्षा. पन्नाशीत! आम्ही लेकुरवाळ्या झालेल्या, तरी पाहायला गेलो. सरांनी वर्षभर दुकानाच्या गोदामात सरळ जायचा सराव केला होता. आता काही चुकत नव्हते.

आठवा फॉर्म, धरतीचा. सर मधोमध आले. क्षणभर थांबले. मग सावकाश, जपून, डावीकडून वळसा घातला, आणि बरोब्बर निघाल्या जागी येऊन उभे राहिले. सुनीतानं माझा हात घट्ट धरला.

बेल्ट गेला तो गेलाच.

"अहो, इतकं छान चाललं होतं," परीक्षक म्हणाले. "मधे काय होतं?"

सरांनी वाकून नमस्कार केला. "कडुनिंब होता, साहेब. परवा तोडला."