न्यूट जेवंना तवा

आमचं पोरगं फौजेत हाय. सुट्टीवर आलं तवा सांगलीला जाऊन काचंची पेटी घिऊन आलं. मला वाटलं मिठाई आणली. वाकून बघतोय तर आत पालीगत जनावर, पाठ काळी, पोट कुंकवागत लाल. न्यूट म्हणत्यात त्येला, पाण्यात ऱ्हातंय. सुट्टी संपायच्या आदीच पोराला बोलावणं आलं. जाताना आईला म्हणालं, ह्येला तू बघ. मला काय बी म्हणालं न्हाई. बाप कसा हाय ते त्येला लहानपणापास्नं ठावं हाय.

आमच्या कुंडलच्या घरात एक रीत हाय. जनावराम्होरं वैरण पडल्याबिगर माणसानं ताटावर बसायचं न्हाई. म्हैस विकल्यापास्नं गोठा रिकामा. मी लय खुशीत हुतो, भूक लागंल तवा खायचो. आता बायकोनं ती पेटी म्होरल्या सोप्यात ठेवली आन् रीत परत सुरू केली.

सांगलीच्या दुकानदारानं बारीक दाणं दिलं हुतं. न्यूटनं तोंड लावलं न्हाई. बायको बी जेवली न्हाई, नुसत्या चहावर राहिली. मी दोन भाकरी खाल्ल्या, पर तिच्याकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी मी डाक्टर झालो. बैल खाईना झाला की आमी जिभंला मीठ-हळद चोळतो. ह्येच्या एवढ्याशा तोंडात बोट कसं जायाचं? वाकलो तर चष्माच पाण्यात. मंग म्हटलं गारठलं असंल, आन् पेटी उन्हात ठेवली. घटकाभरानं बघतोय तर गडी वाकडा होऊन तरंगतोय. बायको वरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गप माठातलं गार पाणी आणलं आन् थोडं थोडं वतत बसली. सांजच्याला त्येनं पाय हलवला तवा माझ्या जिवात जीव आला.

बायकोनं पोराला फोन लावला. तिकडं रेंज कवातरीच लागती. त्यो म्हणाला, "आई, पाणी गारच ठेव. आन् दाणं खाईना तर जित्तं गांडूळ घाल."

तिनं फोन खाली ठिवला. तिच्या गळ्यात तुळशीची माळ हाय. लगीन झाल्यापास्नं आमच्या चुलीवर अंडं शिजलं न्हाई. मी कवा बाहेर खाऊन आलो, तर आंघूळ केल्याबिगर उंबरा वलांडू देत न्हाई. म्हटलं, गांडूळ मी घालतो, तू बघू नगंस. जन्म मातीत गेला माझा, पर गांडुळाला हात लावायचा म्हटलं की अंगावर काटा येतोय. जुन्या शेणखताच्या ढिगात काडीनं उकरलं. एक गावलं, वळवळलं, आन् मी काडी टाकून माघारी आलो. घरात सांगितलं, गावलं न्हाई.

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आवं, पोरानं मला बघायला सांगितलंय. उपाशी मेलं तर ती हत्या कुणाची?"

तिनं माळ पदराखाली सारली, ढिगाकडं गेली, हातानंच उकरलं. गांडूळ आणून पाण्यानं धुतलं. तळहातावर धरून त्येलाच म्हणाली, "ह्ये पाप माझ्या माथ्यावर. पोराच्या नगं."

पाण्यात सोडलं आन् भिताडाकडं तोंड करून हुबी राहिली. मला म्हणाली, खाल्लं की सांगा.

न्यूट लय येळ हाललंच न्हाई. मंग मान वळवली, एक झटका दिला. अर्धं आत, अर्धं बाहेर. मी पेटीवर वाकून बघतच राहिलो. तिनंच इचारलं, "खाल्लं?"

"व्हय," म्हटलं.

तिनं हात धुतलं, दोन ताटं घेतली. ती खाईपतूर माझ्या ताटाला मी हात लावला न्हाई. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आन् तसाच धरून बसली. लय येळानं गिळला.