अकरा मिनिटांची पाठ

“बासरी? आई, तू माझ्या व्हिडिओत बासरी घातलीस?”

“हळूच घातलीय. आवाज कमी ठेवलाय.”

“पण घातलीस कशाला? आज माझा नंबर होता. सगळा वर्ग बसलाय, मॅडम बसल्यात, मी दिवे बंद केले आणि भिंतीवर काय सुरू झालं? बासरी! त्यात तुझी पाठ गुलाबी!”

“गुलाबी नाही. जरा उबदार केला रंग. ट्यूबलाइटखाली माणूस आजारी दिसतं.”

“मला आजारीच दिसायला हवी होतीस!”

“घ्या,” कॉटवरून आजी म्हणाली. “शिकायला पाठवलं, ही आईला आजारी पाडून आली.”

बाबा कॅमेऱ्याची लेन्स पुसत होते. ती सकाळीच पुसून झाली होती. घरात आवाज चढले की त्यांना लेन्सवर डाग दिसायला लागत.

“अकरा मिनिटांचं होतं ते,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता फुटायला आला होता. “तू तीनचं केलंस. मधे मधे चित्र पांढऱ्यात विरघळवलंस, नवरी हार घालताना करतेस तसं. पोरं हसली गं.”

“मला वाटलं कच्चं आहे. दुकानाच्या मशीनवर जे कच्चं दिसतं ते मी नीट करते. वीस वर्षं तेच करतेय.”

हे मात्र खोटं होतं, आणि ते बोलणारीला पक्कं माहीत होतं.

गल्लीत आईला कात्री म्हणत. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ पुढच्या खोलीत. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ती. नवरा लग्नांचं शूटिंग करून आणी आणि ती सहा तासांचं लग्न चाळीस मिनिटांत बसवी. जांभई देणारा मामा, रुसलेली वहिनी, स्टेजमागे नवऱ्या मुलाचं शेवटच्या क्षणी पडलेलं तोंड, सगळं ती असं उडवी की घरच्यांनाही वाटे, आपलं लग्न किती सुखात झालं! चार सेकंदांच्या वर एक चित्र ठेवायचं नाही, हा तिचा नियम. पाचव्या सेकंदाला बघणारा उठून चहाचा कप शोधतो.

मुलगी तिच्याच मांडीवर बसून हे शिकली. सात वर्षांची असताना पडद्यावर बोट ठेवून म्हणायची, “आई, इथे काप.” आणि बरोबर तिथेच कापायला हवं असायचं. तेव्हा कात्रीची छाती फुगायची.

मग पोरीला विद्यापीठात प्रवेश मिळाला, व्हिडिओ आर्ट शिकायला. ते काय असतं, हे बाबा शेजाऱ्यांना असं सांगत: “व्हिडिओच, पण त्यात गोष्ट नसते, नवरा-नवरी नसतात, आणि बघायला उभं राहावं लागतं.” घरात एक नवीन माणूस आलं, त्याचं नाव ‘मॅडम म्हणतात’. मॅडम म्हणतात, कापायची घाई करू नका. मॅडम म्हणतात, कॅमेऱ्याला कंटाळू द्या. एकदा पोळी लाटताना कात्रीनं विचारलं, “या तुझ्या मॅडम दिसतात कशा?”

“तुझ्याच वयाच्या असतील. केस पांढरे, रंगवत नाहीत.”

त्या दिवशी कात्रीनं रंगाची बाटली कपाटात मागे सरकवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे काढली.

आणि मग दुकानाच्या मशीनवर ती फाइल सापडली. मुलीनं फडताळावर कॅमेरा ठेवून आईला कामात असताना पाठीमागून टिपलं होतं. अकरा मिनिटं. कॅमेरा हलत नाही, काही घडत नाही. मशीनसमोर एक बाई बसलेली, खांद्यांत वाकलेली, मधेच मान मोडते. कात्रीनं ते एकदा पूर्ण पाहिलं. मग दार लोटून पुन्हा पाहिलं. स्वतःची पाठ तिनं आयुष्यात कधी पाहिली नव्हती. ब्लाउजची शिवण उसवलेली होती. चांगलं होतं ते. वीस वर्षांत तिला कुणी पाच सेकंदसुद्धा थांबू दिलं नव्हतं, आणि ही एकोणीस वर्षांची पोरगी आरामात अकरा मिनिटं बसली होती, कुणालाही न विचारता.

मग तिनं माउसवर हात ठेवला आणि कापायला सुरुवात केली. तीन तास कापत होती. बासरी सर्वांत शेवटी घातली, आणि तेच पोरीच्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलं. पोरगी घाईत होती. सकाळी न तपासताच पेनड्राइव्ह घेऊन गेली.

“मूळ फाइल असेल ना?” लेन्स खाली ठेवत बाबांनी विचारलं.

“आहे. मी काही पुसून टाकत नाही.”

“मॅडमनी गुरुवारी परत दाखवायला सांगितलंय,” मुलगी म्हणाली. “आणि आई, यापुढे मी या मशीनवर माझं काही ठेवणार नाही. मैत्रिणीकडे काम करीन.”



गुरुवारी कात्री कुणाला न सांगता विद्यापीठात गेली. शिपायाला म्हणाली, “मी त्यातलीच आहे,” आणि ते काही खोटं नव्हतं. खोलीत बाकं नव्हती, नुसत्या भिंती, पोरं जमिनीवर बसलेली. ती दाराजवळ उभी राहिली. दिवे गेले आणि समोरच्या भिंतीवर तिची पाठ उजळली, घराएवढी. उसवलेली शिवण हातभर लांब. एक पोरगा चुळबुळला, कुणी खोकलं, पण बाहेर कुणी गेलं नाही. सातव्या मिनिटाला भिंतीवरची बाई उठली, एका पायावर उभी राहिली, खुर्चीची पाठ धरली, पुन्हा बसली.

दिवे लागले. एक चष्मेवाली म्हणाली, “ते उठणं म्हणजे नकार आहे. ती यंत्राला नाही म्हणतेय.”

“पण परत बसते,” दुसरा म्हणाला. “म्हणजे हार.”

“पायाला मुंग्या आल्या होत्या,” कात्री दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

पांढऱ्या केसांची बाई जमिनीवरून उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, हे कात्रीनं बरोबर पाहिलं. “तुम्ही आई. बासरीवाल्या.”

“हो.”

“आज कापायचं म्हटलं, तर कुठे कापाल?”

“उठायच्या आधी. हात टेबलावर येतो ना, तिथे. नाहीतर बसल्यावर, खुर्ची करकरायच्या आत.”

मॅडम म्हणाल्या, “जागा अचूक आहे. मी स्वतः तिथेच कापलं असतं. पण मग बघणाऱ्याच्या पायाला मुंग्या कधी येणार?”

सगळा वर्ग लिहून घेत होता, तिची पोरगीसुद्धा. घरी येताना बसस्टॉपवर मॅडमचं ते वाक्य कात्रीच्या डोक्यातून जाईना. चिडायला काही जागाच नव्हती त्यात. खरं होतं, सोपं होतं, आणि दुसऱ्या बाईला सुचलं होतं. पायाच्या मुंग्या हिच्या आणि वाक्य तिचं! दोन बसेस समोरून गेल्या, पण ही चढली नाही. तिसरी आली तेव्हा ती तिथे नव्हती. विद्यापीठाच्या कार्यालयात खिडकीपुढे रांगेत उभी होती.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मुलगी बोलत नव्हती, पण ताट घेऊन आली होती.

“कच्चं वाटलं म्हणून कापलं, असं मी म्हटलं ना,” कात्री म्हणाली. “ते खोटं. दोनदा पूर्ण पाहिलं मी. आवडलं. मग जळफळाट झाला आणि कापलं.”

बाबांचा घास हातातच राहिला. “अगं, स्वतःच्या पोरीवर कुणी जळतं का?”

“जळतात की,” आजी म्हणाली. “सांगत नाहीत एवढंच.”

मुलीनं मान वर केली. “दोनदा पाहिलंस?”

“दोनदा. तुझ्या त्या मॅडमच्या आधी.”

“मग तेव्हाच सांगायचंस ना मला! बासरी कसली घालत बसलीस?”

“तेव्हा नाही जमलं.” कात्रीनं भात वाढला, सगळ्यांना सारखा. “आज तिथे फॉर्म भरून आले. एक वर्षाचा वर्ग आहे, मोठ्या माणसांना घेतात. त्याच बाई शिकवतात.”

“माझ्या विभागात?” मुलगी ओरडली. “आई, नाही हं! पोरं मला—”

“एक तारखेपासून सकाळी मी विद्यापीठात असेन. लग्नांचं काम दुपारी दोननंतर. सकाळी गिऱ्हाईक आलं तर तुम्ही बघायचं, आणि डबा ज्याचा त्यानं भरायचा.”